पडद्यावर आठ, पंज्यात वीस

१

देवदत्त गुप्तेची दोन बोटं मोडली होती, आणि ती मोडणारा हात कुणाच्याच अंगाला जोडलेला नव्हता.

शीला हिवाळेला ही बातमी सकाळच्या चहाआधीच कळली. बेलवलीत तिच्या वरच्या मजल्यावर राहणारे शरदचंद्र गुप्ते दारात उभे होते. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात अधिकारी म्हणून उभी नोकरी काढलेला हा माणूस इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय कधी जिना उतरत नसे. आज बनियनवरच आला होता.

"शीलाताई, तुम्ही हॉस्पिटलच्या मशीनमधल्या चुका शोधता ना? मला चूक नकोय. माणूस शोधून द्या."

शीलाने त्यांना खुर्ची दिली. एका कंपनीसाठी ती श्वास देणाऱ्या, सलाईन मोजणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम तपासायची. तिने पास केल्याशिवाय यंत्र पेशंटच्या उशाशी जात नसे. पण माणूस शोधायला तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शरदचंद्रांनी निवृत्तीनंतर अंबरनाथच्या एमआयडीसीत एक छोटा वर्कशॉप काढला होता. कारखान्यात ज्यांचे हात जातात, त्यांच्यासाठी यांत्रिक हात बनवायचे. पहिला हात चामटोलीच्या कौसाबाईंसाठी होता. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात प्रेसखाली त्यांचा उजवा पंजा मनगटापासून गेलेला. काल तो हात त्यांना पहिल्यांदा चालवून दाखवायचा होता. टेबलावर शिकंज्यात बसवलेला हात, त्यातून लॅपटॉपला गेलेली वायर, आणि समोर खुर्चीत पदर सावरून बसलेल्या कौसाबाई.

"माझा पुतण्या देवदत्त आमचा इंजिनीअर. त्याने हात सुरू केला आणि शेकहँड करायला स्वतःचा हात पुढे केला. यंत्राने धरला तो सोडेचना! आवळतच गेलं. पोरगा किंचाळला. तेवढ्यात पायल आत आली, धावत लॅपटॉपकडे गेली, तिने काहीतरी दाबलं, तेव्हा सुटला."

"पायल कोण?"

"पायल भालेराव. उल्हासनगरची. प्रोग्राम तिने लिहिलाय." शरदचंद्रांचा आवाज खाली आला. "पकडीची मर्यादा आठ ठेवलीय. आठला पापडसुद्धा मोडत नाही. बोटं मोडायला वीसच्या आसपास लागतं. आणि नंतर आम्ही पडद्यावर पाहिलं, तर तिथे आठच!"

"मग?"

"देवदत्त म्हणतो, पायलने आधी वीस केलं आणि आम्ही त्याच्या बोटांकडे बघत असताना परत आठ केलं. बोटं अडकल्यानंतर कीबोर्डला हात फक्त तिनेच लावला. दोघांचं भांडणही झालं होतं. प्रोग्राम तिने लिहिला असून देवदत्त दाखवताना आपलंच नाव सांगतो, म्हणून. संध्याकाळी तो पोलिसात तक्रार देणार आहे."

"आणि कौसाबाई?"

"त्या उठून गेल्या. म्हणाल्या, असला हात माझ्या अंगाला लावू नका."

शीलाने गॅस बंद केला. चहा तसाच राहिला.

२

वर्कशॉपमध्ये पायल एका स्टुलावर पाठ ताठ करून बसली होती. डोळे सुजलेले, पण आवाज स्वच्छ.

"मॅडम, मी काही केलेलं नाही. पण केलं नाही हे दाखवू कसं, ते मला कळत नाही."

"ते नंतर. आधी तू रोज काय करतेस ते दाखव."

पायलने लॅपटॉप फिरवला. पडद्याचे दोन भाग होते. डावीकडे एडिटर. तिथे अख्खा प्रोग्राम लिहिलेला, आणि त्यात एका ओळीत मर्यादेचा आकडा, आठ. उजवीकडे प्रॉम्प्ट, म्हणजे नुसती एक लुकलुकती रेघ. तिथे एक ओळ टाइप केली की यंत्र लगेच तेवढं करून दाखवतं. डावीकडे लिहायचं, सेव्ह करायचं, उजवीकडे चालवून बघायचं. पायलचा सगळा दिवस या दोन खिडक्यांमध्ये जायचा.

तिने नवा प्रॉम्प्ट उघडला. टेबलावरच्या हाताने लगेच पाची बोटं पूर्ण उघडली आणि एकदा मिटली.

"हे काय?"

"प्रॉम्प्ट नव्याने सुरू झाला की हात बोटांची एकदा उघडझाप करतो. कुठलं बोट कुठे आहे ते त्याला कळायला लागतं."

मग पायलने त्याच्या पंज्यात कच्चा पापड दिला. हाताने तो धरला. मोडला नाही. शीलाने दुसरा पापड दिला, मग अंडं दिलं, मग फुगा दिला. दहा प्रकारे दिलं, घाई केली, मध्येच वायर हलवली. हात प्रत्येक वेळी एखाद्या दाईसारखा हळुवार.

चूक दिसली की ती पकडायची कशी, हे शीलाला पाठ होतं. पण ही चूक एकदा येऊन, दोन बोटं मोडून, निघून गेली होती.

"काल धावत आलीस तेव्हा काय दाबलंस?"

"प्रॉम्प्ट बंद केला. तो बंद झाला की हात सैल पडतो. सरांची बोटं सुटायला दुसरा रस्ताच नव्हता. मग मोठे सर म्हणाले, आकडा दाखव. मी नवा प्रॉम्प्ट उघडून दाखवला. आठ होता."

शीलाने फाइल शेवटची कधी सेव्ह झाली ते पाहिलं. परवा संध्याकाळी. पायल घरी जाण्याच्या थोडंसं आधी. त्यानंतर फाइलला कुणी हात लावलेला नव्हता. म्हणजे काल वीसचा आठ कुणीच केला नव्हता. परवापासून तिथे आठच होता.

"तारीख काय, बदलता येते."

दारात देवदत्त उभा होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. पस्तिशीचा, देखणा, रात्रभर न झोपलेला.

"कॉम्प्युटरवाल्यांना काय अवघड आहे, हिवाळेबाई? आणि तुम्ही तिचीच बाजू घेणार. तुम्हा लोकांची आपसात ओळख असतेच."

शरदचंद्र ओरडले, "देवदत्त!"

शीलाने मान वर केली. आडनावावरून मारलेला असला टोमणा ती पहिल्यांदा ऐकत नव्हती. "आज सकाळपर्यंत नव्हती," ती म्हणाली. "आता झाली. बरं, मला सांगा. काल तुम्ही लॅपटॉप उघडलात, मग काय काय केलंत?"

"प्रॉम्प्ट उघडला, हात सुरू केला. रोजच्यासारखा."

"नवा प्रॉम्प्ट?"

"नवाच. दुसरा कुठला असणार?"

शीलाने मनातल्या मनात हिशेब मांडला. फाइलमध्ये आठ. प्रॉम्प्टमध्ये आठ. हात आठच्या पुढे जायला तयार नाही. मग वीस आला कुठून?

आता एकच जागा उरली होती. हाताच्या आतली मोटर. आणि ती मोटर उल्हासनगरहून आली होती.

३

मोटर पुरवणाऱ्या भावेश चुगानीचं दुकान उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जिन्याखाली. आत मोटरी, वायरी आणि गर्दी. शीलाचा प्रश्न ऐकून त्याने छातीवर हात मारला.

"अरे साईं, माझ्या मालात खोट? ना मॅडम, ना! काल रात्री फोन आला तेव्हाच मी जाऊन मोटरचा सेन्सर चेक केला. एकदम ओके. मोटर पागल झाली असती तर आज पण पागलच राहिली असती ना? मोटर को क्या पता आज कौन देखने आया है!"

बोलणं बरोबर होतं. बिघडलेली मोटर दुसऱ्या दिवशी आपणहून शहाणी होत नाही.

"आणि ताकद बघायची आहे?" भावेशने अभिमानाने फोन पुढे केला. "गिऱ्हाइकांना हाच व्हिडिओ दाखवतो मी. बघा, आपली मोटर!"

व्हिडिओत फक्त टेबल आणि हात दिसत होता. हाताने पाच लिटरचा तेलाचा भरलेला कॅन कडीला धरून उचलला, आणि धरून ठेवला. हलला नाही, घसरला नाही.

शीलाने व्हिडिओ थांबवला. हातावर गव्हाळ रंगाचा रबरी मोजा होता.

"हा मोजा कधी चढवला?"

"परवा दुपारी. मीच बसवून आलो. पायल तिथेच होती."

"आणि व्हिडिओ?"

"त्याच दिवशी संध्याकाळी आला मला. सात वाजून गेले असतील, दुकान फुल होतं."

शीलाने तिथूनच पायलला फोन लावला. "पायल, मर्यादा आठ असताना हात पाच लिटरचा कॅन उचलेल?"

"नाही मॅडम. कडी बोटांतून घसरते. आम्ही करून पाहिलंय. का?"

"परवा किती वाजता निघालीस?"

"सहाला. फाइल सेव्ह केली, प्रॉम्प्ट बंद केला, निघाले. मी रोज बंद करूनच जाते."

शीलाने फोन ठेवला. पायल निघून गेल्यावर, फाइलला स्पर्शही न करता, कुणीतरी त्या हाताला आठपेक्षा खूप जास्त ताकद दिली होती.

"भावेशभाई, हा व्हिडिओ तुम्हाला पाठवला कुणी?"

भावेशने नाव सांगितलं. शीलाने तो व्हिडिओ आणखी एकदा, शेवटपर्यंत पाहिला.

४

नुसतं नाव कळून भागणार नव्हतं. व्हिडिओ परवाचा, बोटं मोडली काल. मधे एक अख्खी रात्र गेली होती. ती रात्र ओलांडून वीस कसा पोचला, हे शाबीत करायला साक्षीदार हवा होता. आणि काल लॅपटॉप उघडला तेव्हा तिथे फक्त दोन माणसं होती. पायल टपरीवर चहा सांगायला थांबली होती, शरदचंद्र दाराशी फोनवर होते. आत देवदत्त होता आणि कौसाबाई.

चामटोलीत कौसाबाई ओट्यावर वाल निवडत बसल्या होत्या. डाव्या हाताने निवडायचं, आणि उजव्या मनगटाने सूप दाबून धरायचं. शीलाला पाहून त्यांनी मनगट पदराआड घेतलं.

"परत सांगाला आलीस का? मना नको तो हात. माझ्या नातीला उचलून घेईन, नि चिरडून टाकील तिला."

"हात घ्या म्हणायला आले नाही, मावशी. काल तुम्ही काय पाहिलंत तेवढं विचारायचंय."

"काय बघणार? मी तर त्या हाताकडंच बघत व्हते. माझा म्हणून दाखवणार व्हते ना. डोलाच हलवला नाय."

"मग अगदी सुरुवातीपासून सांगा. त्या साहेबांनी लॅपटॉपचं झाकण उघडलं. मग हाताने काय केलं?"

"काय नाय. गप पडून व्हता. त्यानं काहीतरी दाबलान, आपला हात घातलान, नि यानं धरलान."

शीलाने आपला पंजा त्यांच्यासमोर धरला. पाची बोटं पूर्ण उघडली आणि मिटली. "धरायच्या आधी असं केलं होतं? एकदा तरी?"

कौसाबाईंनी तिच्या बोटांकडे नीट पाहिलं आणि ठाम मान हलवली. "नाय गो. असा केला असता तर मी हसले असते. पहिल्यांदा हलला तो त्याला धराया हलला."

शीलाला हवा होता तो साक्षीदार मिळाला. तिने कौसाबाईंचा डावा हात दोन्ही हातांत घेतला.

"मावशी, आज दुपारी माझ्यासोबत येता का? हात लावून घ्यायला नको. फक्त एका मुलीवर खोटा आळ आलाय, तो उतरताना बघायला."

कौसाबाईंनी सूप बाजूला सारलं. "जिनं त्याची बोटा सोडवली ती पोरगी ना? चल."

५

दुपारी वर्कशॉपमध्ये सगळे जमले. शरदचंद्र, देवदत्त, भावेश, दाराजवळ कौसाबाई, आणि स्टुलावर पायल. शीलाने लॅपटॉप सर्वांना दिसेल असा ठेवला.

"गुप्तेसाहेब, कारखान्यात तुम्ही लेखी हुकूम काढायचात ना? आणि कधीकधी नुसता तोंडी?"

"हो. पाळीवर माणसाला जाता जाता सांगायचो."

"तोंडी हुकूम फायलीत दिसायचा?"

"छे! तो त्या माणसाच्या डोक्यात. पाळी संपली की संपला."

"बस्. इथेही तेच आहे. डावीकडची फाइल म्हणजे लेखी हुकूम. उजवीकडचा प्रॉम्प्ट म्हणजे पाळीवरचा माणूस. कामावर येताना तो फाइल एकदा वाचतो. त्यानंतर त्याला तोंडी काही सांगितलं तर तेच पाळतो. फाइलकडे परत वळून बघत नाही. पायल, नवा प्रॉम्प्ट उघड."

हाताने बोटांची उघडझाप केली. शीलाने तेलाचा कॅन पुढे ठेवला. हाताने कडी धरली, उचलायला गेला, आणि कॅन घसरून टेबलावर धपकन आपटला.

"आठ. आता बघा." तिने प्रॉम्प्टवर एकच ओळ टाइप केली. मर्यादा वीस. "डावीकडे बघा. काय दिसतं?"

"आठच," शरदचंद्र म्हणाले.

"भावेशभाई, तो स्टीलचा पेला द्या."

हाताने पेला धरला. क्षणभर काही झालं नाही. मग पेला पोटातून आत गेला, चेपला, आणि कर्रर्र आवाज करत चपटा झाला. कौसाबाई दोन पावलं मागे सरकल्या. डावीकडे पडद्यावर शांतपणे आठ उभा होता. शीलाने फाइल पुन्हा सेव्ह करून दाखवली. हाताने पेला आणखी आवळला.

"आता पायल काल केलं तेच करेल."

पायलने प्रॉम्प्ट बंद केला. हात सैल पडला. नवा प्रॉम्प्ट उघडला. उघडझाप. आकडा, आठ.

"बघितलंत? तिने काही लपवलं नाही. जीव वाचवायला जे करायला हवं होतं ते केलं, आणि त्यातच तिच्या निर्दोषपणाचा पुरावा पुसला गेला."

शरदचंद्रांनी चपटा पेला उलटसुलट करून पाहिला आणि खाली ठेवला.

"पण तोंडी हुकूम दिला कुणी?" शरदचंद्रांनी विचारलं.

"परवा संध्याकाळी पायल गेल्यावर या हाताने कॅन उचलला. भावेशभाईंकडे व्हिडिओ आहे. त्यानंतर लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटलं गेलं. प्रॉम्प्ट बंद झाला नाही, पाळीवरचा माणूस घरी गेला नाही, फक्त डुलकी काढत बसला. काल झाकण उघडलं, तो जागा झाला, वीसचा हुकूम डोक्यात तसाच. देवदत्त, तुम्ही मला म्हणालात, नवा प्रॉम्प्ट उघडला. नवा उघडला असता तर हाताने आधी बोटांची उघडझाप केली असती. मावशी?"

"नाय केली," कौसाबाई दारातून खणखणीत आवाजात म्हणाल्या. "गप पडून व्हता."

सगळ्यांच्या नजरा फिरल्या. देवदत्तने प्लास्टरकडे पाहिलं.

"मदतीसाठी पुण्याच्या एका संस्थेला हाताची ताकद दाखवायची होती," तो अखेर म्हणाला. "आठने जमेना. म्हणून प्रॉम्प्टवर वीस टाकलं. भावेशला सहज पाठवला व्हिडिओ. काल फाइलमध्ये आठ दिसला, मला वाटलं आठच असणार. खरंच वाटलं, काका."

"आणि बोटं मोडल्यावर?"

"दवाखान्यात लक्षात आलं. पण तोवर मी सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन बसलो होतो."

शरदचंद्र सावकाश उठले. पुतण्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पायलसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "पोरी, मी खात्री न करता त्याचं ऐकलं. या वयात मला हे शोभलं नाही. आता पुढे काय करायचं ते तू सांग."

पायलच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उभी राहिली तेव्हा हसत होती. "तक्रार नको सर. दोन गोष्टी हव्यात. हात कुणालाही दाखवायचा तर दाखवणार मी. आणि ज्यात हा हात तोंडी हुकमाने माणूस मोडू शकतो, तो प्रोग्राम माझाच आहे. तो दुरुस्त केल्याशिवाय मी घरी जाणार नाही."

भावेशने चपटा पेला उचलला आणि टाळीसारखा टेबलावर वाजवला. "वाह रे पायल! मान गए!"

६

पायलने संध्याकाळपर्यंत ते केलं. मर्यादा तिने खुद्द हाताच्या चिपमध्ये अशी बसवली, की हुकूम फाइलमधून येवो की प्रॉम्प्टवरून, आठच्या वरचा आकडा हात स्वीकारतच नव्हता. शीला शेजारी बसून तो मोडायचा प्रयत्न करत होती. वीस, शंभर, उणे आकडे, भलतीच अक्षरं. दर वेळी प्रॉम्प्टवर लाल अक्षरांत नकार उमटे आणि दोघी हसत. नोकरीत यंत्र पास करताना शीलाला समाधान वाटायचं. असा आनंद मात्र फार दिवसांनी झाला होता.

शेवटी देवदत्त पुढे आला. त्याने डाव्या हाताने स्वतः वीस टाइप केलं. नकार. मग तो पायलला म्हणाला, "माझं चुकलं. फक्त आकडा नाही." आणि शीलाकडे वळून, "तुम्हाला बोललो, तेही."

"ते लक्षात ठेवा," शीला म्हणाली. तिने त्याला सोपं करून दिलं नाही.

मग पायलने कुणाला न विचारता आपला उजवा हात यंत्राच्या पंज्यात दिला. त्याच बोटांनी ती टाइप करायची. यांत्रिक बोटं मिटली, थांबली, आणि तिचा हात नुसता धरून राहिली. पायलने मान वळवून कौसाबाईंकडे पाहिलं.

कौसाबाई दाराजवळून टेबलापाशी आल्या. मग त्यांनी पदराआडचं मनगट बाहेर काढलं.

"बांध," त्या म्हणाल्या.

पट्टे बसवायला, कोपराखालच्या स्नायूची खूण हाताला शिकवायला थोडा वेळ गेला. पहिल्यांदा बोटं हलली तेव्हा कौसाबाईंनी दचकून पायलचा खांदा धरला. तिसऱ्यांदा त्या स्वतःच हसल्या. तेवढ्यात टपरीवरून चहा आला. सगळ्यांना वाटलं, त्या डाव्या हातानेच कप घेतील. त्यांनी नव्या उजव्या हाताने घेतला. कागदी कप जरासुद्धा चेपला नाही, वाफ सरळ वर गेली. डाव्या हाताने त्यांनी बिस्कीट उचललं, चहात बुडवलं, आणि मोडायच्या आत तोंडात टाकलं.

भावेशने डोळे पुसले. प्रेसखाली हात गेल्यापासून त्या बाईने कप हातात धरून चहात बिस्कीट बुडवलं नव्हतं, कारण त्याला दोन हात लागतात.

कौसाबाईंनी दुसरं बिस्कीट उचललं आणि आजूबाजूला पाहिलं.

"आता बघता काय सगले? माझे दोनीव हात कामात हाईत. पायल, तो पुडा जरा इकडं सरकव."